काळाचौकीचा पिनकोड

ताईच्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते घालायचं काम माझ्याकडे होतं. आमचं घर काळाचौकीला, पिनकोड ४०००३३. मामा वडाळ्याला, ४०००३१. या दोन्ही मूळ संख्या आहेत, म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांच्याखेरीज त्यांना कशानेच निःशेष भाग जात नाही. हे मात्र मला खूप वर्षांनी, वही घेऊन भागाकार करत बसल्यावर कळलं.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. ती रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल खात्यात मोठ्या पदावर असलेले वेलणकर संस्कृतचे पंडित आणि कवीही होते. मुंबईचे पहिले तीन अंक ४००, पुढचे तीन टपाल कार्यालयाचे. त्यामुळे शहरातले पिनकोड ओळीने येतात आणि विभाजक शोधायला ही ओळ फार छान आहे.

दादर पूर्व, ४०००१४, लगेच उलगडतो. संख्या सम, म्हणून २ ने भाग जातो. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ नेही जातो. शेवटी हाती येतं २ × ३ × ३ × ७१ × ३१३. या पाच मूळ अवयवांच्या जुळण्यांतून ४०००१४ला एकूण २४ विभाजक मिळतात. फोर्टचा ४००००१ दिसायला मूळ संख्येसारखा, पण सातच्या पाढ्यातला निघतो: ७ × ५७१४३.

लोअर परळच्या ४०००१३ने मात्र माझी एक अख्खी दुपार घेतली. २, ३, ५, ७, ११ असं करत वर चढत गेलो, बाकी उरतच होती. थांबायचं कुठे, हे ठाऊक होतं. विभाजक जोडीनेच येतात. जोडीतले दोन्ही ६३३ किंवा त्याहून मोठे असते, तर गुणाकार निदान ४००६८९ झाला असता. म्हणून जोडीतला एक तरी ६३२ किंवा त्याहून लहान हवाच. तिथवर ११५ मूळ संख्या आहेत आणि तेवढ्याच तपासायच्या. संयुक्त संख्या तपासायची गरज नाही. १५ ने भाग जायचा असता तर तो आधीच ३ ने गेला असता. ११० भागाकार फुकट गेले. एकशे अकरावी मूळ संख्या ६०७, आणि तिने भाग गेला! ४०००१३ = ६०७ × ६५९.

आता हेच उलट करून पाहा. ६०७ ला ६५९ ने गुणायला कागदावर मिनिटभर लागतं. गुणाकार सोपा, तो उसवणं अवघड. संदेश गुप्त ठेवणारी आरएसए नावाची कुलूपपद्धत १९७७ साली याच विषमतेवर उभी राहिली. तिथले दोन मूळ अवयव शेकडो अंकी असतात. एखादी संख्या मूळ आहे की नाही एवढंच विचारलं, तर मात्र अवयव न शोधताही झटपट उत्तर मिळतं. त्याची खात्रीची, कोणत्याही संख्येला लागू पडणारी वेगवान रीत २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकते पदवीधर झाले होते. मला ही गोष्ट आजही थरारून टाकते.

४००००१ ते ४००१०० या शंभरात मूळ संख्या आठच. शाळेत १ ते १०० मध्ये २५ असतात हे पाठ केलेलं असतं. पुढे त्या विरळ होत जातात. किती विरळ, याचा अंदाज जर्मन गणिती गाउसने पंधराव्या वर्षीच बांधला होता, सिद्धता १८९६ साली मिळाली. चार लाखांच्या आसपास साधारण तेरात एक, असं तो नियम सांगतो. शंभराला तेराने भागा, पावणेआठ येतात.

त्या आठांतल्या ४०००३१ आणि ४०००३३ मध्ये फक्त दोनचा फरक आहे. अशा जोडीला आपल्या पाठ्यपुस्तकात जोडमूळ संख्या म्हणतात. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी दाखवलं. जोडमूळ जोड्याही अनंत आहेत का, हे अजून कोणालाच सिद्ध करता आलेलं नाही. या शंभरात तशी आणखी एकच जोडी आहे: कांदिवली पश्चिम ४०००६७ आणि अंधेरी पूर्व ४०००६९. वडाळा आणि काळाचौकी निदान एकमेकांजवळ तरी आहेत. कांदिवली आणि अंधेरीच्या मध्ये मात्र मालाड, गोरेगाव आणि जोगेश्वरी येतात.