‘अपग्रेड’ आणि ‘फुल-अपग्रेड’: फरक आकाराचा नाही, उडवायच्या परवानगीचा

डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स वापरणाऱ्या कुणालाही विचारा, पॅकेजं (प्रोग्रॅम आणि त्यांचे भाग) बसवणाऱ्या ‘ॲप्ट’ या साधनाच्या ‘ॲप्ट अपग्रेड’ आणि ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ यांत फरक काय? दहापैकी आठ जण सांगतील, पहिलं छोटं, दुसरं मोठं. उरलेले दोघे सांगतील, पहिलं पॅकेजं अपडेट करतं आणि दुसरं नव्या रिलीजवर (सिस्टिमच्या पुढच्या मुख्य आवृत्तीवर) नेतं. दोन्ही उत्तरं चूक आहेत, आणि दुसरं तर इतक्या ठामपणे दिलं जातं की ऐकणाऱ्याला आपलीच शंका यायला लागते.

साधं ‘अपग्रेड’ तुम्ही रोज मारता, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. जे बसवलेलं आहे त्याची नवी आवृत्ती आणतं, लागलं तर एखादं नवं पॅकेज सोबत घेतं, पण आधीचं काहीही उडवत नाही. कधीच नाही. (जुनं ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ याहून कडक. ते नवं पॅकेजही आणत नाही. म्हणून एकाच मशीनवर ‘ॲप्ट’ आणि ‘ॲप्ट-गेट’ आळीपाळीने मारून ‘मघाशी वेगळं दाखवत होतं’ अशी तक्रार करू नका.)

‘फुल-अपग्रेड’ हेच सगळं करतं, फक्त त्याच्या हातात एक जास्तीची परवानगी असते: वाटेत येणारं बसवलेलं पॅकेज उडवायची. संपला फरक.

दिवाळीच्या साफसफाईला घरात दोन माणसं लावली आहेत असं समजा. एकाला सांगितलंय, सगळं पूस, जागच्या जागी ठेव, जे हलत नाही ते राहू दे. दुसऱ्याला सांगितलंय, पूस, आणि अडचण झाली तर भंगारवाल्याला बोलाव. दुसरा काही जास्त मेहनती नाही. त्याला मुभा जास्त आहे, इतकंच. संध्याकाळी दाराशी जमलेला ढीग बघायचा की नाही, हे तुमचं काम.

या गोंधळाला नाव जबाबदार आहे. ‘फुल-अपग्रेड’चं जुनं नाव ‘डिस्ट-अपग्रेड’, आणि ‘ॲप्ट-गेट’ मध्ये ते आजही तसंच आहे. ‘डिस्ट’ पाहिलं की वाटतं, डिस्ट्रिब्युशन बदलणार. प्रत्यक्षात कोणत्या रिलीजवर जायचं हे कमांड ठरवतच नाही. ते ठरतं पॅकेजं कुठून आणायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलीत. तिथे ‘बुकवर्म’ (डेबियन १२) लिहिलेलं असेल, तर डिस्ट-अपग्रेड हजार वेळा मारा, तुम्ही बुकवर्मवरच राहाल. तिथे ‘ट्रिक्सी’ (डेबियन १३) लिहून साधं ‘अपग्रेड’ मारलंत, तर तुम्ही ट्रिक्सीच्या रस्त्याला लागलात, फक्त अर्ध्या वाटेत थांबाल. उबुंटूचं ‘डू-रिलीज-अपग्रेड’ वेगळं आहे. ते सोर्सेस स्वतः बदलतं, बाहेरचे पीपीए (इतरांनी चालवलेली पॅकेजांची भांडारं) बंद करतं आणि मग आत तेच उडवायच्या परवानगीचं काम करतं. सोर्सेसमध्ये रिलीजच्या नावाऐवजी ‘स्टेबल’ (म्हणजे त्या वेळचं स्थिर रिलीज) लिहून ठेवणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं, त्या दिवसापासून त्यांच्या पायाखालची जमीन बदलली. ॲप्ट विचारतं खरं की रिलीजचं नाव बदललंय, चालेल का? पण असा प्रश्न आला की लोकांचं बोट आपोआप होकाराच्या ‘वाय’वर जातं.

नावाच्या बाबतीत फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवाले शहाणे निघाले. त्यांच्या डीएनएफ या साधनात रिलीज बदलताना पॅकेजं उडवायची मुभा हवी असेल तर ‘अलाउ-इरेझिंग’ असा वेगळा पर्याय द्यावा लागतो. वाचलं की कळतं आपण कशावर सही करतोय. डेबियनच्या बाजूला ॲप्टिट्यूड या ॲप्टच्या भावंडाने साध्या अपग्रेडला ‘सेफ-अपग्रेड’ म्हटलं होतं. तेही बरं होतं.

आता जिथे खरा घोळ होतो तिथे येऊ. लोक ‘अपग्रेड’ मारतात, खाली यादी येते की अमुक पॅकेजं मागे ठेवली आहेत. नव्या ॲप्टमध्ये तीच यादी ‘नॉट अपग्रेडिंग’ या मथळ्याखाली दिसते. शोध घेतला की पहिला सल्ला हमखास एकच: फुल-अपग्रेड मारा, पुढे ‘-वाय’ (न विचारता सगळ्याला होकार) लावा, प्रश्न मिटला. हा सल्ला देणाऱ्याने ‘मागे का ठेवली’ हा प्रश्न स्वतःला कधी विचारलेलाच नसतो.

कारणं चार असू शकतात. तुम्ही स्वतःच ते पॅकेज ‘होल्ड’वर (बदलू नको म्हणून थांबवून) ठेवून विसरला असाल, ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ मारलं की कळतं. किंवा पिनिंग केलेलं असेल, म्हणजे पॅकेज ठरावीक आवृत्तीला बांधलेलं असेल. किंवा तुम्ही उबुंटूवर असाल आणि तो अपडेट टप्प्याटप्प्याने सोडला जात असेल. २१.०४ पासून ॲप्ट हे टप्पे पाळतं. तुमच्या मशीनचा नंबर लागेपर्यंत थांबायचं, आणि इथे फुल-अपग्रेड मारूनही काही होत नाही, कारण प्रश्न उडवण्याचा नाहीच. चौथं कारण तेवढं खरं डिपेन्डन्सीचं, म्हणजे पॅकेजांच्या एकमेकांकडच्या मागण्यांचं: नवी आवृत्ती बसवायची तर जुनं काहीतरी उडवावं लागणार आहे, आणि साध्या अपग्रेडला तो अधिकार नाही. फुल-अपग्रेडची गरज फक्त या चौथ्या कारणाला असते. बाकी तीन कारणांवर ते मारणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला बँडेज.

आणि चौथ्यातही दोन प्रकार आहेत. माझ्या मते या सगळ्या विषयात नीट समजून घ्यायची गोष्ट हीच एक आहे: काही पॅकेजं जागा रिकामी करायला उडतात, काही बळी म्हणून उडतात.

जागा रिकामी करणं कसं दिसतं ते बुकवर्मवरून ट्रिक्सीवर जाताना बघायला मिळतं. ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या घड्याळाची मुदत १९ जानेवारी २०३८ ला संपते. म्हणून डेबियनने ट्रिक्सीसाठी वेळेचा आकडा ६४ बिटांचा केला, आणि ज्या लायब्रऱ्यांवर (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या पॅकेजांवर) याचा परिणाम होऊ शकत होता त्यांची नावंच बदलली. ‘लिब-एसएसएल-३’ चं झालं ‘लिब-एसएसएल-३-टी६४’. ‘लिब-कर्ल-४’ च्या मागेही तसंच ‘टी६४’ लागलं. आपल्या नेहमीच्या ६४ बिटांच्या मशीनवर आतून काही बदललेलं नाही, पण नाव बदललं. जुनं आणि नवं एकाच जागी त्याच फाइली ठेवतात, म्हणून नव्याच्या पॅकेजात लिहून ठेवलंय की जुनं निघालं पाहिजे. साधं अपग्रेड इथे हात टेकणार हे उघड आहे. डेबियनच्या रिलीज नोट्समध्ये दोन पायऱ्या दिल्या आहेत त्या म्हणूनच: आधी ‘अपग्रेड’ला ‘विदाउट-न्यू-पॅकेजेस’ जोडून जेवढं कशाला धक्का न लावता होतं तेवढं करायचं, मग फुल-अपग्रेड. पहिली पायरी वेळखाऊ म्हणून गाळणारे पुष्कळ भेटतात. तिच्यामुळे दुसऱ्या पायरीवरची उडवायची यादी वाचण्याजोगी राहते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

या यादीत जोड्या दिसतात. एक नाव जातंय, त्याच नावाला शेपूट लावून दुसरं येतंय. अशा पन्नास ओळी असल्या तरी बिनधास्त पुढे जा.

बळी वेगळा दिसतो. माझा मामेभाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, स्टुडिओत डेबियनचं मशीन आहे, त्यावर केडेनलाइव्ह हा व्हिडिओ एडिटर. बुकवर्मच्या काळात कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने मल्टिमीडियाची बाहेरची रेपो (पॅकेजांचं भांडार) जोडली होती. ट्रिक्सीवर जायच्या रात्री त्याचा फोन.

“दादा, फुल-अपग्रेड लावलंय. वाय दाबू?”

“थांब. उडवायच्या यादीत काय आहे ते वाच.”

“खूप आहे रे. लिब, लिब, लिब… केडेनलाइव्ह. व्हीएलसी.”

“केडेनलाइव्ह परत येतंय का कुठे? नव्या पॅकेजांच्या यादीत बघ.”

जरा वेळ माऊसचं चाक फिरवल्याचा आवाज. “नाही.”

“मग एन दाब.”

त्याला आधी वाटलं, केडेनलाइव्हलाच काहीतरी झालंय. तसं काही नव्हतं. ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ मारून एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या पॅकेजाच्या आवृत्त्या पाहिल्या. डेबियनची ट्रिक्सीमधली ‘७:’ ने सुरू होणारी, पुढे ७.१. बाहेरच्या रेपोची ‘१०:’ ने सुरू होणारी, पुढे ५.१. विसर्गासारख्या दिसणाऱ्या त्या दोन टिंबांच्या आधीच्या आकड्याला इपॉक म्हणतात, आणि तुलना आधी त्याची होते. दहा साताहून मोठा, म्हणून ॲप्टच्या हिशेबात ५.१ हे ७.१ हून ‘नवं’. ते जुनं एफएफएमपेग ठाण मांडून बसलं, सोबत त्याच्या जुन्या लायब्रऱ्या, आणि नव्या केडेनलाइव्हच्या मागण्या त्यांच्याशी जुळेनात. ॲप्टने भांडण मिटवलं, पण ज्याचं काही चुकलं नव्हतं त्याला घराबाहेर काढून. तिथे वाय दाबलं असतं तर अपग्रेड सुरळीत पार पडलं असतं, एकही एरर आली नसती. सकाळी मेनू उघडल्यावर एडिटर दिसला नसता, एवढंच.

आम्ही रेपोची ओळ काढली, तिच्यातून आलेली पॅकेजं आधी बुकवर्मच्याच आवृत्त्यांवर परत आणली, मग नव्याने पायऱ्या चढलो. बाहेरची पॅकेजं अपग्रेडच्या आधी काढा असं रिलीज नोट्समध्ये लिहिलेलंच असतं. तो भाग कुणी वाचत नाही, कारण तो प्रत्यक्ष अपग्रेडच्या पायऱ्यांच्या आधी येतो.

तेव्हा कसोटी एकच ठेवा. उडणाऱ्या नावाच्या जागी काही येतंय का? येत असेल तर जागा रिकामी होतेय. येत नसेल आणि नाव तुमच्या ओळखीचं असेल, तर तो बळी आहे, आणि गुन्हेगार त्या यादीत सापडणार नाही. तो बहुतेक वेळा बसवलेला आणि सुखरूप असतो. त्याला शोधायला ‘पॉलिसी’ आहे. ॲप्टिट्यूड बसवलेलं असेल तर ‘व्हाय-नॉट’ ही आहे, आणि ते जास्त स्पष्ट बोलतं.

मेटापॅकेजचा एक मधला प्रकार आहे. यादीत अख्ख्या डेस्कटॉपचं नाव दिसलं की घाम फुटतो, पण ते पॅकेज बहुधा रिकामं असतं, फक्त इतरांची नावं धरून ठेवणारं. ते गेल्याने डेस्कटॉप लगेच जात नाही. धोका पुढच्या ‘ऑटोरिमूव्ह’मध्ये (आता कुणाला न लागणारी पॅकेजं उडवणाऱ्या कमांडमध्ये) असतो. धरून ठेवणारं गेलं की त्याने आणलेली पॅकेजं बेवारस ठरू शकतात. काही मेटापॅकेजांच्या बाबतीत ॲप्ट काळजी घेतं, सगळ्यांच्या नाही. म्हणून रिलीज बदलल्याच्या दिवशी मी ऑटोरिमूव्ह मारत नाही. मशीन आठवडाभर वापरतो, मग यादी वाचतो.

इतर कुरबुरी पटकन उरकतो. ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ मध्ये फरक सेटिंगच्या फाइलींचा, इथे गौण. ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ असा जो संदेश येतो त्यातल्या ‘हेल्ड’चा तुमच्या होल्डशी संबंध असेलच असं नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ इतकाच की मागण्या एकमेकींशी जुळत नाहीत. वीज गेली आणि अपग्रेड अर्ध्यात तुटलं तर ‘डीपीकेजी कॉन्फिगर -ए’, मग ‘फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’; पण त्या दुसऱ्यालाही उडवायची परवानगी असते, तेव्हा तिथेही यादी वाचा. आणि सगळे अडथळे धुडकावणारं ‘फोर्स-ऑल’ सुचवणाऱ्याचा नंबर फोनमधून काढून टाका.

फुल-अपग्रेडला घाबरणारी माणसं एक गोष्ट विसरतात: साध्या ‘ॲप्ट इन्स्टॉल’लाही हीच मुभा असते. २०२१ मध्ये टेक यूट्यूबर लिनस सेबास्टियन यांनी कॅमेऱ्यासमोर पॉप-ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप बसवायला घेतलं. कमांड होती साधी इन्स्टॉलची. तेव्हा रेपोत आवृत्त्यांचा मेळ बसत नव्हता, म्हणून ॲप्टने स्टीमसाठी डेस्कटॉप उडवायचा प्रस्ताव ठेवला, यादी दाखवली, इशारा दिला, आणि खात्री म्हणून ‘येस, डू ॲज आय से!’ हे पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं. त्यांनी ते टाइप केलं. डेस्कटॉप गेला. त्यानंतर ॲप्टने अत्यावश्यक पॅकेजं अशी सहज उडवू देणं बंद केलं, त्याला आता वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. पण अत्यावश्यक म्हणजे ज्यांच्यावाचून सिस्टिमच उभी राहत नाही ती. केडेनलाइव्ह त्यात येत नाही.

माझ्या सर्व्हरांवर ‘-वाय’ साध्या अपग्रेडला चालतं. फुल-अपग्रेडच्या आधी ‘ॲप्ट-गेट -एस डिस्ट-अपग्रेड’ मारतो, म्हणजे नुसतं नाटक होतं, काही बदलत नाही. त्या नाटकात उडणारी प्रत्येक ओळ ‘रेम्व्ह’ ने सुरू होते. तेवढ्या ओळी ग्रेपने वेगळ्या काढतो आणि चहा घेऊन वाचायला बसतो.