भूत जोलोकिया : शीर काढूनही न उतरणारं तिखट

मिरची फार तिखट निघाली की आपण तिची पांढरी शीर आणि बिया काढून टाकतो. या सवयीमागे पक्कं शास्त्र आहे. झोंबणारं द्रव्य, म्हणजे कॅप्सेसिन, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात तयार होतं. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. आसाम, नागालँड, मणिपूरच्या भूत जोलोकियापुढे मात्र हा उपाय तोकडा पडतो. न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी अतितिखट मिरच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा कॅप्सेसिन साठवणाऱ्या पिशव्या गराबरोबरच सालीच्या आतल्या बाजूवरही पसरलेल्या दिसल्या. म्हणजे ही मिरची आपली सगळी आतली भिंतच तिखटासाठी वापरते.

2007 साली गिनीज बुकात तिची नोंद झाली ती 10,01,304 स्कोव्हिल एककांची (स्कोव्हिल हे तिखटपणा मोजण्याचं माप). वाळलेल्या मिरचीत दर दहा लाख भागांत एक भाग कॅप्सेसिन आणि त्याची भावंडं असली, की साधारण 16 एककं धरतात. त्या हिशेबाने 100 ग्रॅम वाळल्या मिरचीत सहा ग्रॅमच्या वर तिखटच! पुढे कॅरोलिना रीपर आणि 2023 मध्ये पेपर एक्स (26,93,000) या मिरच्या तिच्या पुढे गेल्या. पण त्या पैदासकारांनी मुद्दाम घडवलेल्या आहेत. भूत जोलोकिया ईशान्येतल्या शेतकऱ्यांनी परसात राखलेली. म्हणून तिचं मोल मला जास्त वाटतं.

लागवडीत बहुतेक जण उगवणीलाच हरतात. माती 28 ते 30 अंश उबदार हवी आणि दोन ते चार आठवडे धीर हवा. उगवलं नाही म्हणून पाणी वाढवलं की बी कुजतं. दिवसाचं तापमान 35 अंशांपलीकडे गेलं की फुलं गळतात, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात बहर पावसाळ्यानंतर येईल अशी पेरणी करावी. तरीही आसामातल्या तेजपूरचं तिखट मिळेलच असं नाही: ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत वाढवलेल्या याच मिरचीचा तिखटपणा निम्म्याहून खाली आला होता. शेजारी दुसरी मिरची असेल तर परागसंकर होतो, आणि धरलेलं बी पुढच्या वर्षी भलतंच फळ देतं.

चिरताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत. हात झोंबलेच, तर आधी तेल चोळून मग साबण लावावा, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. तोंड पोळलं तर पाण्याऐवजी दूध घ्यावं. त्यातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. बंद स्वयंपाकघरात ही मिरची भाजू नये. ईशान्येत ती मोहरीच्या तेलात मुरवतात. तिखट तेलात उतरतं, त्यामुळे फोड बाजूला ठेवून नुसतं थेंबभर तेल भातावर घेतलं तरी पुरतं.