टी कानोल : वेल्समधले शैवाकांचे ओकवन

टी कानोल हे वेल्सच्या नैऋत्य टोकाला, उत्तर पेंब्रुकशरमध्ये असलेले जुने ओकवन. ट्रेव्हड्राइथ हे किनाऱ्यावरचे छोटे गाव (इंग्रजीत न्यूपोर्ट) आणि नेव्हर्न हे नदीकाठचे खेडे यांच्या दक्षिणेला, प्रेसेली डोंगरांच्या उतारावर ते उभे आहे. रान लहान आहे, शंभर हेक्टरही नाही. १९५२ साली स्थापन झालेल्या पेंब्रुकशर किनारा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत ते येते आणि त्याला राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. वेल्श भाषेत ‘टी’ म्हणजे घर आणि ‘कानोल’ म्हणजे मधले. रानाला घराचे नाव मिळावे हेही इथल्या स्वभावाला धरूनच आहे. माणसाचा हात न लागलेले अरण्य हे नाहीच.

इथे धबधबा नाही, उंच मनोरा नाही, चहाची टपरीही नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला दिसतात ते वेडेवाकडे, बुटके ओक आणि त्यांच्या मुळांत अडकलेले मोठमोठे धोंडे. धोंड्यांवर शेवाळाची जाड गादी असते, हात टेकला तर मनगटापर्यंत ओला होतो. फांद्यांच्या बेचक्यांतून नेचे उगवलेले असतात. अटलांटिकवरून येणारे नैऋत्य वारे वर्षभर थोडाथोडा पाऊस आणत राहतात. आपल्याकडे सह्याद्रीत चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने पाठ फिरवतो, तसला हा पाऊस नव्हे. इथे झाडाची साल क्वचितच पुरती वाळते. अशा ओल्या, थंड हवेतल्या पानझडी रानांना अलीकडे ‘केल्टिक वर्षावन’ म्हणू लागले आहेत.

रान टिकले ते मुख्यतः दगडांमुळे. खाली ज्वालामुखीजन्य खडक आहे आणि त्याचे सुळके जागोजागी जमिनीतून वर आले आहेत. त्यांतल्या एका रांगेला ‘कार्नेद मेइब्योन ओवेन’, म्हणजे ओवेनच्या मुलांचे दगड, असे नाव आहे. अशा जमिनीत नांगर चालत नाही. आजूबाजूची सपाट जमीन शेतीखाली गेली आणि ही धोंडाळ पट्टी गुरेमेंढ्यांना चरायला उरली.

टी कानोलची खरी ख्याती आहे ती शैवाकांसाठी. बुरशी आणि शैवल एकत्र नांदून जो एकच जीव बनतो, तो शैवाक. मराठी घरात तो रोजच्या ओळखीचा आहे, फक्त या नावाने नाही: गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे शैवाकच. पार्मोट्रेमा पेर्लाटम नावाची जी जात दगडफूल म्हणून विकली जाते, ती ब्रिटनच्या दमट पश्चिम भागातल्या झाडांवरही वाढते. तिथे तिला तव्यावर भाजायचे मात्र कुणाला सुचलेले दिसत नाही. टी कानोलमध्ये शैवाकांच्या चारशेच्या आसपास जातींची नोंद आहे. एवढ्याशा जागेसाठी हा आकडा थक्क करणारा आहे.

ही श्रीमंती उभ्या नजरेला दिसत नाही. दहा पट मोठे दाखवणारे भिंग घेऊन एखाद्या खोडाशी नाक लावावे लागते. मग सालीवरचा राखाडी डाग डाग राहत नाही. त्यात काळ्या शाईने कुणीतरी लिपी गिरवल्यासारख्या रेघा दिसतात, शेजारी मोहरीएवढ्या वाट्या, त्यांच्या कडेला फिकट पिवळी भुकटी. वीतभर जागेत सहज सात-आठ जाती निघतात. सालीला चिकटून वाढणाऱ्या कित्येक जाती वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरच सरकतात, त्यामुळे हातभर पसरलेला ठिपका पाहणाऱ्याच्या आजोबांपेक्षा वयाने मोठा असू शकतो.

सगळ्यांत देखणा लंगवर्ट. फुप्फुसाच्या आतल्या बाजूसारखी खळगेदार पाने असल्याने हे नाव पडले, आणि जुन्या काळी युरोपात छातीच्या विकारांवर त्याचा काढाही देत. कोरडा असताना तो चुरगळलेल्या खाकी कागदासारखा दिसतो. त्यावर बाटलीतले चार थेंब शिंपडले की बघताबघता हिरवागार होतो. म्हणूनच पर्यटनाची माहितीपत्रके काहीही म्हणोत, हे रान पाहायचे ते पावसाळी हिवाळ्यात. पाने गळलेली असतात, उजेड खोडापर्यंत पोचतो आणि ओले शैवाक अक्षरशः चमकतात.

शैवाकांना मुळे नसतात. ते थेट हवा आणि पाऊस यांवर जगतात, आणि हवेतले विष त्यांना आधी भोवते. कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने औद्योगिक ब्रिटनमधल्या झाडांची खोडे उघडी पाडली. टी कानोलकडे समुद्रावरून येणारा वारा स्वच्छ राहिला, म्हणून इथले शैवाक वाचले. कोळशाचे दिवस सरले, पण आता दुधाच्या आणि कोंबड्यांच्या मोठ्या व्यवसायांतून निघणारा अमोनिया ही वेल्समधल्या शैवाकांपुढची नवी अडचण आहे. दुसरी अडचण ॲश झाडांच्या मर रोगाची. ब्रिटनमध्ये तो २०१२ साली आढळला. ॲशची साल ओकपेक्षा कमी आम्ल असते आणि लंगवर्टसारख्या जातींना तीच मानवते. झाड गेले की त्यावरचा सगळा संसार जातो.

तिसरी गोष्ट ऐकायला उलटी वाटते. चराई पूर्ण थांबवली तर हे रान बिघडते. मेंढ्या-गुरे फिरली नाहीत की काटेरी ब्रॅम्बल, हॉली आणि आयव्हीची वेल माजते, खोडे झाकली जातात आणि उजेड तुटतो. चराई अति झाली तर ओकची रोपे उरत नाहीत. या दोन्हींच्या मधला तोल सांभाळणे हेच इथल्या संवर्धनाचे मुख्य काम. ‘जंगल आहे तसे सोडून द्या’ हा शहरी आग्रह इथे लागू पडत नाही.

बहुतेक लोक रानात शिरतात ते पेंत्रे ईव्हानकडून. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे हे दफनस्थळ रानापासून पायी थोड्याच अंतरावर आहे. तीन उभ्या शिळांच्या टोकांवर पाच मीटर लांबीचा, सुमारे सोळा टनांचा छतदगड टेकलेला आहे. उंच माणूसही त्याखाली ताठ उभा राहू शकतो. वर मान करून पाहिले की दगड तीन बोटांच्या चिमटीत धरल्यासारखा दिसतो आणि टेकल्याच्या जागा इतक्या अरुंद आहेत की पाय आपोआप मागे सरतात. जॉर्ज ओवेन या शेजारच्याच हेन्लिस गावच्या जमीनदाराने १६०३ साली पेंब्रुकशरचे वर्णन लिहिताना या शिळांची नोंद केली. प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा ब्रिटनमधला पहिला कायदा १८८२ चा. त्याखाली वेल्समध्ये अगदी सुरुवातीला संरक्षण मिळालेल्या वास्तूंत पेंत्रे ईव्हान आहे. आज देखभाल ‘कादू’ या वेल्श सरकारच्या वारसा विभागाकडे आहे. तिकीट नाही.

दक्षिणेकडच्या प्रेसेली रांगेतले सर्वोच्च शिखर अवघे ५३६ मीटर उंच आहे, पण तिथले दगड लांबवर गाजले. स्टोनहेंज या इंग्लंडमधल्या प्राचीन शिलावर्तुळातल्या ‘निळ्या दगडां’चा उगम या डोंगरांत असल्याचे भूवैज्ञानिक हर्बर्ट टॉमस यांनी १९२३ साली दाखवून दिले. हे अंतर सुमारे २२५ किलोमीटर आहे. एवढे दगड माणसांनी का आणि कसे नेले, यावर अभ्यासकांचे वाद संपलेले नाहीत.

नेव्हर्नमधले संत ब्रनाख यांचे चर्च या फेरीत सोडू नये. अंगणात सुमारे चार मीटर उंचीचा, गुंफणीची नक्षी असलेला हजार वर्षांचा दगडी क्रूस आहे आणि वाटेवर एक यू वृक्ष, ज्याच्या कापलेल्या फांदीतून रक्तासारखा लाल रस ठिबकतो. त्याची कथा प्रत्येक जण वेगळी सांगतो. क्रूसाची दंतकथा मात्र ठरलेली: ७ एप्रिलला, संतांच्या दिवशी, वर्षातला पहिला कक्कू त्याच्या माथ्यावर बसून गातो. कक्कू हा आपल्या पावश्याच्याच कुळातला, पण तो आफ्रिकेतून वसंताबरोबर येतो. वेल्श भाषेत ब्लूबेल फुलांना ‘कक्कूच्या घंटा’ म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत टी कानोलच्या शेजारच्या पेंगेली रानात या निळ्या घंटांचा गालिचा पसरलेला असतो. त्याच सुमारास पाइड फ्लायकॅचर आणि रेडस्टार्ट हे पाहुणे पक्षी ओकच्या ढोलींत घरटी करतात.

वाटा अरुंद आहेत. दोन्ही बाजूंना माती-दगडांचे उंच बांध, त्यांवर झुडपे, आणि मध्ये एकच गाडी मावेल एवढा डांबरी रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी मागे जाऊन बगल द्यायची; ट्रॅक्टरवाला सहसा मागे जात नाही. रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘आराव्ह’ लिहिलेले असते, म्हणजे हळू. वेल्शमध्ये एफ या अक्षराचा उच्चार ‘व्ह’ होतो, त्यामुळे ईव्हानला ‘इफान’ म्हणणारा पाहुणा लगेच ओळखू येतो. पेंत्रे ईव्हानपाशी मोजक्याच गाड्या उभ्या राहतात, स्वच्छतागृह नाही, फोनची रेंज येते-जाते. उन्हाळ्यात ब्रॅकन नेच्यांतून चालताना विजार मोज्यांत खोचावी. तिथल्या गोचिडांमुळे लाइम रोग होऊ शकतो. वसंतात मेंढ्यांना कोकरे झालेली असतात, तेव्हा कुत्रा दोरीनेच न्यावा.

रानात शिरताना फाटके लागतात. ती जशी सापडली तशीच ठेवायची, असा ब्रिटनमधल्या पायवाटांचा जुना नियम आहे: बंद असेल तर मागे बंद करायचे, मुद्दाम उघडे ठेवले असेल तर उघडेच सोडायचे. मेंढ्यांनी या आठवड्यात कुठल्या बाजूला चरायचे, ते त्या फाटकावर ठरलेले असते.