अपेक्षाभंग होतो तेव्हा मेंदूत काय घडतं?

आवडत्या लेखकाची नवी कादंबरी कित्येक वर्षांनी येते. आपण ती दोन दिवस नुसतीच उशाशी ठेवतो, घाईघाईत वाचायची नाही म्हणून. मग एका निवांत रात्री उघडतो. साठ-सत्तर पानं होतात आणि लक्षात येतं, की मघापासून एकाच परिच्छेदावरून नजर फिरतेय. पुस्तक टाकाऊ नाही. भाषा तीच आहे, माणसंही खरी वाटतात. तरी मन रमत नाही, आणि वर एक चोरटा विचार येतो: हेच पुस्तक दुसऱ्या कुणाचं असतं, तर कदाचित आवडलं असतं.

हा विचार मला फार मोलाचा वाटतो. छापलेली अक्षरं तीच राहिली आणि मुखपृष्ठावरचं नाव बदललं, तर आनंद बदलतो. म्हणजे निराशेचा काही भाग तरी पानांत नसून आपल्या डोक्यात आहे.

डोक्यातला हा भाग मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत माकडांवर अभ्यासला. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला, की मेंदूतल्या डोपामाइन नावाचं रसायन स्रवणाऱ्या चेतापेशी जोरात संदेश सोडत. रसाआधी दर वेळी एक खूण दिली, तर काही दिवसांनी गंमत व्हायची. पेशी खूण दिसताच उसळायच्या आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा मात्र शांत राहायच्या. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांचं काम नेहमीच्या पातळीच्याही खाली जायचं. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी 1997 साली याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नाहीत. मिळालेलं आणि अपेक्षिलेलं यांतला फरक मोजतात.

माकडाच्या रसापासून चारशे पानांच्या कादंबरीपर्यंतची उडी लांबची आहे, याची मला जाणीव आहे. पण माणसांवरचे प्रयोगही त्याच दिशेला बोट दाखवतात. लंडनमध्ये रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी लोकांना छोटे जुगारी डाव खेळायला लावले आणि मधूनमधून ‘आत्ता किती आनंदी वाटतंय?’ असं विचारलं. पुढे मोबाइलवरून 18,420 जण याच खेळात सामील झाले. एकूण किती कमाई झाली यापेक्षा अपेक्षेहून जास्त मिळालं की कमी, यावर त्या क्षणाचा आनंद अधिक ठरत होता. 2014 च्या या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला आवडते. चांगल्याची अपेक्षा असणं हेही आनंदात भर घालत होतं. पुस्तक उशाशी होतं ते दोन दिवस खरोखरच सुखाचे होते, फक्त त्यांची किंमत पुढे वाचताना वळती झाली.

आता अपेक्षा मुळात एवढी उंच का जाते? इथे मानसशास्त्रापेक्षा संख्याशास्त्र जास्त कामाला येतं. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 साली 205 जोडपी आणि त्यांची 928 प्रौढ मुलं यांच्या उंचीचा हिशेब मांडला. फार उंच आईवडिलांची मुलं उंच निघत, पण सरासरीने आईवडिलांइतकी नाही. फार बुटक्यांच्या बाबतीत उलट. टोकाच्या मोजमापात काही वाटा टिकाऊ गुणाचा असतो आणि काही योगायोगाचा. पुढच्या खेपेला योगायोग तसाच जुळून येत नाही.

कादंबरीतही योगायोग असतोच. लेखकाच्या मनात पिकत आलेला विषय, नेमका संपादक, आणि आपण ते पुस्तक ज्या वयात, ज्या मनःस्थितीत वाचलं ती वेळ. हे सगळं जुळलं, म्हणून तर तो लेखक ‘आपला’ झाला. म्हणजे आपली ओळखच त्याच्या शिखरावर झाली. पुढचं पुस्तक बहुधा तिथून खालीच असणार, त्याची प्रतिभा तसूभरही कमी झालेली नसली तरी. ‘लेखक संपला’ हा निकाल म्हणूनच मला अन्यायाचा वाटतो.

आणि याची दुसरी बाजू आपल्याला दिसतच नाही. ज्या लेखकाचं पहिलं हाती आलेलं पुस्तक फसलं, त्याच्याकडे आपण परत वळत नाही. त्याचं पुढचं पुस्तक बहुधा वर चढलेलं असतं, पण ते पाहायला आपण तिथे नसतो. आपल्या वाट्याला उतारच तेवढे येतात.

नावाचा आणखी एक परिणाम आहे. बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांनी 64 इंग्रजी पुस्तकांवरचे वाचकांचे हजारो अभिप्राय तपासले. पुरस्कार मिळालेली पुस्तकं आणि अंतिम यादीत येऊन हुकलेली पुस्तकं यांची त्यांनी तुलना केली. पुरस्कारानंतर विजेत्यांना मिळणारे गुण जास्त घसरले. एक कारण असं, की पुरस्कारामुळे तो विषय एरवी हातात न घेणारे वाचकही पुस्तकाकडे ओढले गेले. आवडत्या लेखकाचं नाव आपल्याला असंच ओढून नेतं. त्यामुळे सुरुवातीचा तो चोरटा विचार मला थोडा दुरुस्त करावा लागतो. दुसऱ्या कुणाचं असतं, तर कदाचित मी ते उघडलंच नसतं.

राहिली स्मृती. 1993 मध्ये डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना 14 अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात 60 सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30, ज्यात पाण्याचं तापमान हळूहळू 15 अंशांपर्यंत वाढवलं. यातलं काय पुन्हा कराल, असं विचारल्यावर 32 पैकी 22 जणांनी लांबलेला त्रास निवडला. आठवण अनुभवाची लांबी मोजत नाही, त्यातला तीव्र क्षण आणि शेवट जपून ठेवते. म्हणजे नव्या कादंबरीच्या सत्तराव्या पानाची तुलना आपण जुन्या कादंबरीच्या अखेरच्या प्रसंगाशी करत असतो.

यातून प्रत्येक फसलेलं पुस्तक निर्दोष ठरत नाही. काही कादंबऱ्या खरंच घाईने लिहिलेल्या असतात, काहींत लेखक स्वतःचीच नक्कल करतो, आणि वाचकाला ते कळतं. मात्र पुस्तक खरंच फसलंय की माझी अपेक्षाच उंच होती, हे मला आतून ओळखता येत नाही. निराशा दोन्हीकडे सारखीच वाटते.

म्हणून परवा नवी कादंबरी अर्ध्यावर ठेवून मी त्याच लेखकाची जुनी, लाडकी कादंबरी पुन्हा काढली. विशीच्या आत वाचलेली, आजही अथपासून इतिपर्यंत श्वास रोखून वाचल्याची आठवण असलेली. ऐंशीच्या आसपासच्या एका पानावर, समासात, पेन्सिलीने माझ्याच अक्षरात एक शब्द होता: ‘कंटाळवाणं’. मला तो लिहिल्याचं मुळीच आठवत नाही.