रबरी सीलंट (घरातली गळती)

रबरी सीलंट म्हणजे लावताना पातळ किंवा लोण्यासारखं मऊ असणारं आणि वाळल्यावर रबरासारखं ताणणारं मटेरियल, जे पत्र्याची भोकं, स्लॅबच्या चिरा, खिडकीच्या चौकटी, बेसिनच्या कडा असल्या ठिकाणी पाणी अडवायला लावतात. कोल्हापुरात हार्डवेअरच्या दुकानात कुणी लिक्विड रबर मागतं, कुणी रबर कोटिंग, आणि बरेच जण काम काहीही असो "एक सिलिकॉन द्या" एवढंच म्हणतात, मग दुकानदाराने विचारलं कशाला पाहिजे तर तिथून गोष्ट सुरू होते.

नावात रबर असलं तरी झाडाचा चीक यात सहसा नसतो. ट्यूबमधलं सिलिकॉन, पॉलीयुरेथेन, डब्यातलं ॲक्रिलिक कोटिंग, रबर मिसळलेलं काळं डांबर, ब्युटाइलची चिकटपट्टी, हे सगळं याच कुळातलं. रबराने पाणी अडवायची आयडिया मात्र जुनी आहे. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मधे रबर घालून रेनकोटच्या कापडाचं पेटंट घेतलं, पण ते गरमीत चिकट व्हायचं आणि थंडीत कडक, मग १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर तापवायची युक्ती सापडली आणि तेव्हापासून ते दोन्ही हवामानात टिकायला लागलं.

सिमेंटने का नाही बुजवायचं, हा प्रश्न सगळेच विचारतात. कारण घर हलतं. लोखंडी पत्रा ६ मीटर लांब असेल आणि मे महिन्यातल्या दुपारी तो पहाटेपेक्षा ४० डिग्रीने जास्त तापला तर तो जवळपास ३ मिलिमीटर वाढतो, रात्री परत आखडतो, आणि हे रोज चालतं. स्लॅबचंही तसंच, फक्त तो सावकाश तापतो. चिरेत भरलेलं सिमेंट या ओढाताणीत एका उन्हाळ्यात सुटतं आणि पहिल्या वळवाच्या पावसाला परत तीच ओल त्याच जागी उमटते. रबर ताणतं आणि परत येतं, म्हणून ते टिकतं, एवढाच काय तो त्याचा मोठेपणा.

कोल्हापुरात याचं गिऱ्हाईक मुख्यतः पत्रा आणि स्लॅब. उद्यमनगरातल्या शेडपासून पेठेतल्या माडीपर्यंत पत्रा सगळीकडे आहे आणि पत्रा गळतो तो बहुतेक वेळा मधून नाही तर स्क्रूपाशी, कारण स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने तडकतो. तिथं वरून सीलंटचा लपका मारण्यापेक्षा वायसर बदलून मग त्यावर सीलंट लावलं तर काम टिकतं. जुन्या मंगलोरी कौलांना मात्र याचा काही उपयोग नाही, फुटलेलं कौल बदलायचं आणि सरकलेली कौलं नीट बसवायची, तिथं डब्यातलं रबर ओतणारे लोकही मी बघितलेत आणि पुढच्या वर्षी ती कौलं काढताना एकमेकाला चिकटलेली निघाली.

खरी अवघड गोष्ट लावणं नाही, शोधणं आहे. आमच्या माडीवर कॉटच्या उशाशी थेंब पडायचा, म्हणून बरोबर त्याच्या वरच्या पत्र्यावर आम्ही दोन ट्यूबा रिकाम्या केल्या, तरी बादली काय हलली नाही. शेवटी एक उघडीप बघून मी पाइप घेऊन वर चढलो आणि भाऊ खाली छताकडे बघत उभा, खालच्या कडेपासून सुरू करून एकेक हात वर सरकत पाणी सोडायचं, "आलं काय?" "न्हाई अजून", "आता?" "न्हाई", आणि उशाच्या जागेपासून चांगलं चार फूट वर एका स्क्रूपाशी आल्यावर खालून ओरडला "आलं आलं!" पाणी तिथं आत शिरून लोखंडी अँगलवरून घरंगळत येऊन मग उशाशी टपकत होतं. आधीच्या दोन ट्यूबा अजून तिथंच आहेत, शोभेला.

स्लॅबला हे असं पाइपने जमत नाही. तिथं पाणी जायची तोंडं बुजवून, कडेला बांध घालून २४ तास पाणी साठवून ठेवतात आणि खालून ओल कुठं येते बघतात. गच्ची आणि पॅरापेटच्या (कठड्याच्या) भिंतीचा कोपरा हा नेहमीचा संशयित, म्हणून गवंडी तिथं सिमेंटचा गोलसर वाटा, म्हणजे कोपरा भरणारा उतार, काढतात आणि त्यावर कोटिंग भिंतीवर वीतभर चढवतात. मोठी चीर असेल तर कोटिंगच्या पहिल्या हातात, म्हणजे ओल्या थरात, फायबरची जाळी दाबायची, वाळलं की आडवा दुसरा हात. काळं डांबरी कोटिंग उघडं ठेवलं तर उन्हात लवकर तडकतं, त्यावर कोबा किंवा निदान ॲल्युमिनियम पेंट पाहिजे. पांढरं ॲक्रिलिक उघडं चालतं, पण जिथं पाणी साचून राहतं तिथं ते कालांतराने फुगून सुटतं, म्हणून आधी उतार नीट करायचा.

लावायच्या आधी जागा कोरडी आणि स्वच्छ पाहिजे, गंज ब्रशने घासून, शेवाळ काढून, धूळ पुसून. धुळीवर लावलेलं सिलिकॉन बोटाने सालीसारखं सोलून निघतं. जुन्या सिलिकॉनवर नवीन धरत नाही, ते आधी ब्लेडने काढावंच लागतं, आणि त्यावर रंगही बसत नाही. सिमेंटच्या ॲस्बेस्टॉस पत्र्यावर मात्र कोरडं घासू नये, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

सिलिकॉन हवेतली ओल घेऊन पकतं, साधारण दिवसाला २-३ मिलिमीटर, त्यामुळे जाड थर वरून वाळलेला दिसला तरी आत ओलाच असतो. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिटिक जातीचं, लोखंडावर आणि सिमेंटवर ते नको, तिथं न्यूट्रल घ्यायचं. बाथरूमला बुरशी न धरणारं सॅनिटरी मिळतं. ३०० मिलिची एक ट्यूब ६ मिलिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल फटीला आठेक मीटर जाते. नळाच्या आट्यांना हे लावू नये, तिथं टेफ्लॉन टेप.

पावसाळ्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, म्हणजे इशारा पातळीकडे सरकली की नदीकाठच्या भागात दाराच्या फटीही सीलंटने बुजवता येतील का असं विचारणारे निघतात. ४३ ही धोका पातळी, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, आणि पुराचं पाणी दाराच्या फटीतून जेवढं येतं तेवढंच मोरीतून आणि जमिनीतूनही वर येतं, त्यामुळे तिथं ट्यूब आणण्यापेक्षा सामान माडीवर न्यायचं.

कामाचे दिवस म्हणाल तर एप्रिल-मे. एखादा वळीव पडून गेला की कुठं गळतंय ते कळतं आणि पुढे वाळायला ऊनही असतं, पण दुकानात गर्दी होते ती मृग लागून झड सुरू झाल्यावरच, आणि तेव्हा दुकानदार ओल्यावर चालणारी एखादी डांबरी पेस्ट हातात देतो, दिवाळीपर्यंत चालवा म्हणतो.