पाणी वाचवलं तर पाणीपट्टी का वाढते?

शेजारच्या काकूंनी परवा आरओच्या नळीखाली घमेलं लावलं. वाया जाणारं पाणी आता फरशीला आणि कुंड्यांना. पाईपनं गाडी धुणंही बंद, ओल्या फडक्यावर भागवायचं. "बघा आता, पुढचं बिल निम्म्यावर येतंय का न्हाई ते!" मी मान डोलावली खरी, पण हिशेब तसा चालत नाही. सगळ्या गावानं काकूंचा कित्ता गिरवला, तर उलट दरच वाढायची शक्यता जास्त.

आपल्या कोल्हापूरचंच बघा. काळम्मावाडी धरणाजवळच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपसा विहिरीतून, पंपांनी उचललेलं पाणी सुमारे 53 किलोमीटरच्या थेट पाईपलाईनमधून पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात येतं. 2023च्या दिवाळीत ते पहिल्यांदा पोहोचलं, तेव्हा गावानं केलेला जल्लोष आठवत असेल. त्या पाईपातून दिवसाला कमी पाणी आलं म्हणून पाईप काही आखूड होत नाही. जॅकवेल, टाक्या, फिल्टर, रात्रपाळीचा ऑपरेटर, व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी, कर्जाचा हप्ता, कुठल्याही पाणी योजनेत हा खर्च पाणी विकलं जावो न जावो, चालूच राहतो. वापराबरोबर कमी-जास्त होते ती मुख्यतः वीज, तुरटी आणि क्लोरिन. वीजही किती? हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबानं 0.27 युनिट पुरते. पंपातली घट धरली तरी साधारण 0.4 युनिट. म्हणजे तीन-चार रुपयांचा मामला.

आता एक मानीव गाव घ्या. वर्षाचा खर्च 100 रुपये, त्यातले 80 स्थिर. शंभर माप पाणी रुपयाला एक माप दरानं विकून तोंडमिळवणी होते. पाऊस ओढ देतो, लोक 20 टक्के बचत करतात. वसुली येते 80 रुपये. खर्च मात्र फक्त 4 रुपयांनी घटून 96 वर थांबतो. तूट 16 रुपयांची. ती भरायची तर दर 1 रुपया 20 पैसे करावा लागतो. बचत करणाऱ्याचं बिल 20 नव्हे, 4 टक्क्यांनीच उतरतं. आणि जो आधीपासूनच दोन बादल्यांत भागवत होता, ज्याच्याकडे वाचवायला काही उरलंच नव्हतं, त्याचं बिल 20 टक्क्यांनी वाढतं. मला यातली खरी टोचणारी गोष्ट हीच वाटते.

हे केवळ कागदावरचं नाही. 2018 साली केपटाऊनमध्ये माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा आली. लोकांनी कमाल केली, शहराचा वापर दुष्काळाआधीच्या निम्म्याच्या आसपास आणला. त्याच वर्षी जुलैपासून जोडणीच्या आकारानुसार स्थिर आकार बिलात आला. कॅलिफोर्नियात 2015 मध्ये शहरी वापर 25 टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश निघाला, तेव्हाही अनेक शहरांनी दुष्काळी अधिभार लावला. वर दुष्काळात पाणीच महाग पडतं. एप्रिल 2016 मध्ये आपल्या शेजारच्या मिरजेतून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शहराच्या तहानेपुढे ते काहीच नव्हे.

आपल्याकडे नदीवर उपसाबंदी लागते ती बहुधा शेतीपंपांना, त्यामुळे शहराला दुष्काळाची झळ उशिरा कळते. आपली गंमत उलटी. 2019च्या महापुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेली आणि गावभर पाणी असून नळ कोरडे राहिले. नळ कोरडा असला तरी स्थिर खर्चाचा काटा थांबत नाही. त्या अर्थानं महापूर आणि दुष्काळ सख्खे भाऊ.

मग बचत करायचीच नाही का? तसं नाही. वाढत्या गावाला कधी ना कधी दुसरी पाईपलाईन लागते. बचतीमुळे ती दहा वर्षं पुढे ढकलली गेली, तर तेवढ्या काळाचं कर्ज आणि व्याज वाचतं. हा फायदा पुढच्या बिलात दिसत नाही, म्हणून कोणाला पटत नाही. दराची रचनाही नीट हवी: गरजेपुरतं पाणी स्वस्त, त्यावरचा टप्पा महाग. कराडजवळच्या मलकापूरनं मीटर बसवून आणि टप्प्याटप्प्यानं चढते दर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. आणि लोकांना काटकसर सांगण्याआधी गळती बुजवावी, असं माझं ठाम मत. केंद्राच्या मानकानुसार बिलात न येणारं पाणी 20 टक्क्यांच्या आत हवं. देशातल्या बहुतेक शहरांना ते जमलेलं नाही. ते पाणी शुद्ध करायला पैसे लागतात, वसूल मात्र छदाम होत नाही.

हे सगळं काकूंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे घमेलं काढू व्हय?" घमेलं राहू दे म्हटलं, आधी मीटर बघू. टाकी भरलेली, घरातले सगळे नळ बंद. तरी मीटरमधलं बारकं चक्र सावकाश फिरतच होतं. गच्चीवर गेलो. टाकीचा बॉलकॉक अडकला होता आणि पाणी ओव्हरफ्लोच्या पाईपातून, आवाज न करता, मागच्या गटारीत चाललं होतं.