एप्रिलमधले उणे चाळीस

एप्रिलची दुपार, पुण्यात सावलीत ३८ अंश, आणि माझ्या गाडीच्या मते इंजिन गार ठेवणारं कूलंट उणे ४० अंशांवर! डॅशबोर्डवर पिवळा चेक लाइट लागलेला, आणि इंजिन थंड असतानाच रेडिएटरचा फॅन भणाणत सुटलेला. गॅरेजमध्ये बिघाड वाचणारा स्कॅनर लावला, पी ०११८ हा बिघाडाचा कोड आला आणि पाच मिनिटांत निकाल लागला: "टेंपरेचर सेन्सर गेला, साहेब." नवा सेन्सर बसला, कोड उडवला, लाइट विझला. चार दिवसांनी पुन्हा लागला.

पी ०११८ म्हणजे सेन्सर खराब, ही समजूत गॅरेजांत इतकी मुरली आहे की कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. पण कोड तसं म्हणतच नाही. कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सर्किटमधला व्होल्टेज मर्यादेच्या वर गेला आहे, एवढंच तो सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, तसा त्याला तारांशी जोडणारा कपलर आहे, दोन तारा आहेत, अर्थिंग आहे आणि दुसऱ्या टोकाला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक आहे. पाचही संशयित, आणि शिक्षा एकालाच.

सेन्सर म्हणजे पितळी किंवा प्लास्टिकच्या बोंडात बसवलेला थर्मिस्टर. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांची भट्टीत भाजलेली इवलीशी गोळी. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. या गोळीचं उलट. उष्णतेने तिच्यातले आणखी इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध झपाट्याने घसरतो. हा उलटा स्वभाव मायकेल फॅरडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. गाड्यांत सर्रास आढळणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास, आणि १०० अंशांना दोनशेच्याही खाली असतो.

ईसीयूला रोध थेट मोजता येत नाही, व्होल्टेज मोजता येतो. म्हणून तो आपल्या पोटातल्या एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट सेन्सरकडे पाठवतो आणि सेन्सरवर किती उरले ते बघतो. इंजिन गार असेल तर जास्त, तापलं असेल तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास. आता तार मध्येच तुटली तर? प्रवाहच नाही, म्हणून पूर्ण ५ व्होल्ट तसेच दिसतात. ईसीयूच्या कोष्टकात याचा अर्थ एकच: भयंकर थंडी. आणि उणे ४० च का, तर स्कॅनरला तापमान कळवताना ० ते २५५ यांपैकी एक आकडा पाठवायचा आणि वाचताना त्यातून ४० वजा करायचे, असा नियम आहे. शून्य आलं की पडद्यावर उणे ४०. यापेक्षा खालचा आकडा या पद्धतीत लिहिताच येत नाही. सियाचीनवर गाडी चालवत नसाल, तर उणे ४० हे तापमान समजू नका, तुटलेलं सर्किट समजा. (काही गाड्या बिघाड ओळखल्यावर स्वतःच ८० अंशांसारखा काल्पनिक आकडा धरून चालतात आणि स्कॅनरवरही तोच दाखवतात. तिथे ही खूण मिळत नाही.)

थंडीचा असा गैरसमज झाला की ईसीयू पेट्रोल वाढवतो. जुन्या प्रीमियर पद्मिनीत सकाळी आपण चोक ओढायचो, तेच काम आता तो करतो, कारण थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. फरक असा की चोक आत ढकलायला आपण विसरलो तर काळ्या धुराने आणि वासाने लगेच कळायचं. इथे विसरणारा संगणक आहे. अॅव्हरेज घसरतं, प्लग काळे पडतात, गरम इंजिन परत चालू करताना नखरे करतं. जादा पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे उष्णता वाढवतं, ते वेगळंच. चेक लाइट मुळात प्रदूषणाच्या नियमांमुळे गाडीत आला, हे इथे लक्षात ठेवावं. अमेरिकेत बिघाड ओळखून लाइट लावणारी आजच्या रूपातली ही यंत्रणा १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या कारना सक्तीची झाली. भारतात ती बीएस-४ या प्रदूषण-नियमांच्या काळात, २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली.

पण पूर्ण तुटलेल्या तारेपेक्षा अर्धी कुजलेली तार वाईट. माझ्या गाडीचं अॅव्हरेज लाइट लागण्याच्या दीड महिना आधीपासून उतरत होतं, आणि मी पेट्रोल पंपवाल्याला दोष देत होतो. समजा, कपलरच्या तोंडाशी तांबं हिरवं पडलं आणि तिथे ५०० ओहमचा फुकटचा रोध तयार झाला. सकाळी २० अंशांना सेन्सरचे २,५०० असतात. त्यात ५०० मिळाले तर ईसीयूला सोळाएक अंश वाटतात. चूक चार अंशांची, कुणाच्या लक्षात यावी? पण इंजिन ९० अंशांना पोचलं की सेन्सरचे उरतात जेमतेम २४०. त्यात तेच ५०० मिसळले की ईसीयूला वाटतं, इंजिन अजून पन्नाशीतच आहे. ३५ अंशांहून जास्त फरक! दोष तोच, पण गार इंजिनात तो लपतो आणि गरम इंजिनात फसवतो.

यातला धोका पेट्रोलचा नाही. बऱ्याच गाड्यांत फॅनही याच सेन्सरच्या भरवशावर सुरू होतो. सर्किट पूर्ण तुटलं तर ईसीयूला ते कळतं आणि तो सावधगिरी म्हणून फॅन सतत चालू ठेवतो. अर्धवट कुजलेल्या तारेचा आकडा मात्र त्याला खरा वाटतो. मग ट्रॅफिकमध्ये कूलंट उकळायला आलं तरी फॅन गप्प. माझी गाडी वाचली ती उन्हाळ्यामुळे: एसी सतत चालू होता आणि एसी चालू असला की फॅन वेगळ्या हुकमाने फिरतो. अशा वेळी पी ०११८ येतही नाही. आला तर पी ०१२८ येतो, म्हणजे इंजिन हवं तितकं तापत नाही. मग कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट बदलला जातो. बिचारा थर्मोस्टॅट.

दुसऱ्यांदा लाइट लागल्यावर मी एक स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर आणि मल्टिमीटर घेऊन बसलो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी कूलंट आणि आत येणारी हवा या दोन्हींचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. माझ्याकडे हवा २७, कूलंट उणे ४०. इंजिन बंद, चावी चालू ठेवून सेन्सरचा कपलर काढला आणि गाडीकडून येणाऱ्या त्याच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. (दोनच पिना असलेल्या सेन्सरवरच हे करावं. प्रवाह एकदोन मिलिअँपियर असतो, त्यामुळे काही जळत नाही.) तारा आणि ईसीयू ठीक असतील तर आकडा उणे ४० वरून थेट वरच्या टोकाला उडी मारतो, शंभरच्या बराच पुढे. मग दोष सेन्सरचा. माझा आकडा जागचा हलला नाही. म्हणजे नव्या सेन्सरचा काही संबंध नव्हता.

कपलर परत लावून मी त्याच्या मागची तार बोटाने हळूच वाकवली. पडद्यावर उणे ४०, मग २७, पुन्हा उणे ४०. प्लास्टिकचं आवरण शाबूत, आत तांब्याची हिरवी भुकटी. सेन्सर बदलताना तार हलली, तुटलेली टोकं योगायोगाने टेकली आणि चार दिवस सगळ्यांची फसवणूक झाली. उंदराने कुरतडलेली तार निदान दिसते तरी. पावसाळ्याचं पाणी आतल्या आत खातं.

एवढ्यात एक सांगून टाकतो. हे सगळं पिवळ्या लाइटबद्दल आहे. तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण उघडू नका; आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि झाकण सैल होताच उकळून अंगावर येतं. कूलंट कमी होऊन सेन्सरचं टोक वाफेत उघडं पडलं असेल तर आकड्यावर विसंबताही येत नाही.

नवा कपलर तारांसकट बसवला. कोड मुद्दाम उडवला नाही, कारण बिघाड खरंच गेला की नाही हे गाडीनेच सांगितलेलं बरं: ईसीयूच्या तपासणीत गाडीच्या लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की लाइट आपोआप विझतो. तिसऱ्या दिवशी विझला. काढून टाकलेला जुना सेन्सर मी उकळत्या पाण्यात धरून मोजला. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांना उकळतं. मल्टिमीटरवर १९५ ओहम आले. तो ठणठणीत होता. आता डॅशबोर्डच्या खणात पडला आहे, पावतीसोबत.